लष्करी बँड ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजवतो तेव्हा टाळ्यांचा ठेका धरावा का?

रानजाई
नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाला बीटिंग रिट्रीट (सूर्यास्ताच्या वेळी होणारं लष्करी बँडचं वादन) आणि टॅटूचा (कवायतींच्या प्रात्यक्षिकांचा) कार्यक्रम होतो. यंदा तो पुढच्या रांगांतून बघायला मिळाला. पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा बँड, मागे समुद्र आणि उतरत चाललेलं ऊन. कवायती झाल्या, झपाझप चालीच्या धून झाल्या, सगळ्यांना टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या.

मग बँडने चाल संथ केली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ सुरू झालं. पहिल्या ओळीला सगळं चिडीचूप. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी ठेका धरला आणि बघता बघता सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. माझ्या शेजारच्या बाई गात होत्या, डोळे पुसत होत्या, आणि त्यांचा लेक मात्र वाढदिवसाला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवत होता.

१९६२च्या युद्धात जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी लिहिलेलं हे गाणं आहे. माझं मत स्पष्ट आहे: ही धून चालू असताना ठेका धरू नये. संपल्यावर हव्या तेवढ्या टाळ्या वाजवा. इथे लष्करातली, लष्करी घरांतली बरीच मंडळी आहेत. तुमचा अनुभव आणि मत सांगा.

डोंगरवाट
+१. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला ध्वनिक्षेपकावर हे गाणं लागतं तेव्हासुद्धा टाळ्या सुरू होतात. आतून नको वाटतं.

खडकीकर
रानजाई, असहमत. टाळी म्हणजे मौजमजा, हे कुणी ठरवलं? आपण भजनाला टाळी वाजवतो, कीर्तनात वाजवतो, आरतीला वाजवतो. वारीत माणूस रडत रडत टाळी वाजवतो. मराठी माणसाचं मन भरून आलं की त्याचे हात आपोआप एकत्र येतात. गप्प बसणं हाच आदर, ही रीत आपल्याकडे कवायतीबरोबर आली. ती चांगली आहे, पण एकमेव नाही.

माझं लहानपण बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाच्या, परिसराला लागून गेलं. सकाळी भिंतीपलीकडे बँडचा सराव चालायचा आणि आम्ही शाळेत जाताना त्या तालावर पावलं टाकायचो. आम्हाला कुणी कधी गप्प बसा म्हणालं नाही.

रानजाई
@खडकीकर, भजनाचा मुद्दा मनाला लागला. पण भजनात टाळी हा गाण्याचाच भाग असतो, बुवा ती गृहीत धरूनच म्हणतात. बँडची रचना तशी नसते ना?

ध्वनिलहर
मी ध्वनियंत्रणेचं काम करतो, त्यामुळे भावनेपेक्षा कानाचं सांगतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँडपासून १०० मीटरवर बसलेल्या माणसाला ठोका पाव सेकंदाहून उशिरा ऐकू येतो. तो ऐकून टाळी वाजवणार, आणि ती टाळी वादकापर्यंत पोचायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे वादकाच्या कानावर आपली टाळी अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडून येते. जवळच्या रांगेची टाळी वेगळ्या वेळी, लांबच्या रांगेची वेगळ्या वेळी, आणि त्यात गेटवेसारखी दगडी भिंत समोर असली की पडसाद वेगळा. जलद चालीत ड्रम एवढा ठसठशीत असतो की हे झाकलं जातं. संथ धूनमध्ये एकटी क्लॅरिनेट किंवा एकटा कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजत असतो, तिथे त्या टाळ्यांचा नुसता चिखल होतो. गर्दीचा ठेका हळूहळू घाईला येतो हेही नेहमीचंच.

कृष्णाकाठ
हा खुलासा फार आवडला. भजन मंदिराच्या चार भिंतींत असतं, तिथे टाळी आणि मृदंग यांत अंतरच नसतं. खडकीकर आणि रानजाई, दोघांच्या म्हणण्याचा मेळ इथे लागतो असं वाटतं.

सुभेदार_सांगली
नमस्कार मंडळी. मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये होतो, क्लॅरिनेट वाजवायचो. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलो, दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये, वाजवलं आहे. थोडं आतलं सांगतो.

पहिलं म्हणजे थंडी. दिल्लीत जानेवारीच्या संध्याकाळी वाद्य गार पडलं की स्वर उतरतो. पितळी वाद्यांचा जास्त, पण लाकडी वाद्यंही सुटत नाहीत. रांगेत उभे असताना आम्ही आवाज न करता वाद्यात नुसती फुंकर मारत राहायचो, ते कोमट राहावं म्हणून. रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी असलेली पातळ पट्टी, ओठांत धरून ओली ठेवायची. बोटं बधिर झाली की किल्ली नीट दाबली गेली का हे कळत नाही. संथ धून अशा वेळी सगळ्यांत अवघड. जलद मार्चमध्ये एखादा स्वर निसटला तर पुढे वाहून जातो, संथ धूनमध्ये तो सगळ्यांना ऐकू येतो.

ठेक्याबद्दल. आमची नजर संचालकाच्या छडीवर आणि ड्रम मेजरच्या (बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याच्या) हातातल्या मेसवर, म्हणजे लांब दंडावर, असते. कानावर विसंबून एवढे बँड एकत्र वाजूच शकत नाहीत, ध्वनिलहर म्हणाले तेच कारण. त्यामुळे तुमच्या टाळ्यांनी आमचा ताल जात नाही, त्याची काळजी करू नका. पण बँड उभा राहून शोकाची धून वाजवत असतो तेव्हा शांतता आम्हाला ऐकू येते. लोक श्वास रोखून ऐकतायत हे कळतं, आणि वाजवणं सुधारतं.

शेवटी सगळे बँड ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत रायसीना टेकडीकडे परत निघतात. त्या वेळी दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा ठेका आला पाहिजे. दमलेल्या माणसाचं पाऊल त्यावर उचललं जातं. आमच्या बँडमध्ये साधा हिशेब होता: बँडचे पाय चालत असतील तर टाळी द्या, पाय थांबले असतील तर थांबा.

आणखी एक, जे लोकांना माहीत नसतं. युद्धात बँडवाल्याच्या हातात वाद्य नसतं, स्ट्रेचर असतं. जखमींना उचलून आणणं हे आमचं काम, त्याचं शिक्षण प्रत्येक बँडवाल्याला मिळतं. ही धून वाजवताना आमच्यातला प्रत्येक जण काय आठवतो, ते मी लिहीत नाही.

रानजाई
सुभेदारकाका, तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा काढला असं आता वाटतंय. स्ट्रेचरचं खरंच माहीत नव्हतं.

खडकीकर
काका, सलाम. ‘पाय चालत असतील तर’ हे मान्य. एवढं कुणी सांगितलं तर गर्दीतला प्रत्येक जण ऐकेल.

वसईची_वाट
विजय चौकाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तिथे ही धून ज्या जागी आली, त्या जागी आधी ‘अबाइड विथ मी’ होतं. १८४७मध्ये हेन्री लाइट यांनी, स्वतःचा मृत्यू समोर दिसत असताना लिहिलेली ही प्रार्थना. बँडवर वाजते ती चाल विल्यम मंक यांची, १८६१ची. गांधीजींना ती प्रिय होती, आणि दुसऱ्या दिवशी, ३० जानेवारीला, त्यांची पुण्यतिथी. २०२०मध्ये ती वगळणार अशी चर्चा झाली, पण त्या वर्षी वाजली. २०२२पासून ती गेली आणि ‘ऐ मेरे वतन’ आलं.

आमच्या वसईत अंत्यविधीला ही चाल कित्येकदा ऐकली आहे, त्यामुळे घरातले सगळे दूरदर्शनसमोर त्या क्षणाची वाट बघायचे. बँड वाजवायचा आणि वरून, सचिवालयाच्या इमारतींवरून घंटा उत्तर द्यायच्या. तटावर उंट उभे, त्यांच्यावरचे स्वारही निश्चल. एकही टाळी नाही. माझी आजी उठून उभी राहायची. मला तो बदल दुःखाचा वाटला, आजही वाटतो.

डोंगरवाट
ताई, तुमच्या भावना समजतात. पण सैनिकांना निरोप देणारं आपल्या भाषेतलं गाणं असावं, हेही योग्यच नाही का? गेटवेवरच्या बाई गात होत्या म्हणून तर रडल्या. ‘अबाइड विथ मी’चे शब्द किती जणांना येत होते?

वसईची_वाट
शब्द येत नव्हते म्हणूनच तर सगळे गप्प ऐकत होते! बँडला शब्द नसतात. ओळखीचं गाणं वाजलं की शब्द आपण घालतो, आणि मग गायला लागतो, ठेका धरतो. अनोळखी चाल असली की ऐकण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. दोन्ही धून ठेवता आल्या असत्या, एवढंच माझं म्हणणं. आणि ती प्रार्थना म्हणणारेही ह्याच देशाचे आहोत, आमच्यातलेही सैन्यात गेले आहेत.

सुभेदार_सांगली
वसईच्या ताईंशी सहमत. मी दोन्ही वाजवल्या आहेत. वाजवणाऱ्याला दोन्ही आपल्याच. (सरकारने काय करायला हवं होतं यावर मात्र इथे भांडण नको, बँड त्याच्या वर आहे.)

गोदाकाठ
डोंगरवाट, ‘आपल्या भाषेतलं’ म्हणालात त्यात आपला वाटा आणखी मोठा आहे. शब्द कवी प्रदीप यांचे, पण चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांची, आणि आवाज लताबाईंचा. जानेवारी १९६३मध्ये दिल्लीत नेहरूंसमोर त्या गायल्या. गाण्यात शीख, जाट, मराठा, गुरखा सगळे येतात.

२०२२चं सांगते. २९ जानेवारीला विजय चौकात ही धून पहिल्यांदा समारोपाच्या त्या जागी वाजली तेव्हा लताबाई मुंबईत रुग्णालयात होत्या. ६ फेब्रुवारीला त्या गेल्या. ते आठ दिवस आमच्या घरात रोज त्या गाण्याचा विषय होता.

तानपुरा
अवांतर होईल, पण बँड आणि मराठी संगीतकार म्हटल्यावर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव घेतलंच पाहिजे. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी जीव टाकला. हरकत अशी घेतली जात होती की हे गीत वाद्यवृंदावर, बँडवर नीट बसत नाही. २५ ऑगस्ट १९४८ला संविधान सभेत नेहरूंनीही साधारण हेच मांडलं होतं. ‘जन गण मन’ न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या वेळी वाद्यवृंदावर वाजलं आणि परदेशी लोकांना आवडलं, हा त्यांचा दाखला. मास्तरांनी झिंझोटी रागात, बँडला वाजवता येईल अशी सुटसुटीत चाल बसवली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. निर्णय दुसरा झाला, पण ‘बँडवर होत नाही’ हे म्हणणं त्यांनी खोडून काढलं. रागदारीत मुरलेला माणूस बँडच्या मर्यादा समजून घेतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सोडून सरळ स्वरांवर येतो, हे केवढं मोठं काम आहे! त्याची आठवण आज फार कमी जणांना आहे, याची खंत वाटते.

कृष्णाकाठ
तानपुरा, यावर वेगळा धागा काढा, कृपया. वाचायला आवडेल.

थेम्सकाठी
लंडनहून. इथे ‘अबाइड विथ मी’ १९२७पासून एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी गायलं जातं. वेम्बली स्टेडियम भरून लोक, दोन्ही संघांचे पाठीराखे, सगळे गळा काढून गातात आणि काही मिनिटांनी एकमेकांना शिव्या घालतात. तीच चाल, आणि वागणं अगदी वेगळं.

उलट नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, सेनोटाफ या युद्धस्मारकाला गेले होते. बँड संथ धून वाजवत होते आणि एवढ्या गर्दीत खोकल्याशिवाय आवाज नाही. मग म्हातारे माजी सैनिक संचलन करत निघाले, काही चाकाच्या खुर्चीत, आणि रस्त्याच्या दोन्ही कडेंनी टाळ्या सुरू झाल्या त्या शेवटचा माणूस जाईपर्यंत. सुभेदारकाका, तुमचा हिशेब इथेही तंतोतंत लागू पडतो.

मनमोकळा
आणि अटारी-वाघा सीमेवरचा ध्वज उतरवण्याचा सोहळा बघून आलेल्यांनी काय करायचं? तिथे पांढऱ्या कपड्यातला जवान स्वतः हातवारे करून ओरडायला लावतो. माझा घसा घरी येईपर्यंत बसलेला होता. बायको म्हणाली, प्रवासातली पहिली शांत संध्याकाळ 😄

डोंगरवाट
😄 तिथे गप्प बसलात तर तो जवान तुमच्याचकडे बघून पुन्हा घोषणा देतो!

शुश्रूषा
मी नर्स आहे. ३ मे २०२०ला लष्कराच्या बँडनी देशभर रुग्णालयांबाहेर वादन केलं होतं, आमच्याकडेही आले होते. रात्रपाळी संपवून आम्ही पोर्चमध्ये उभ्या राहिलो. तोंडावर मास्क, हातात दुहेरी हातमोजे, चेहऱ्यावर घामाने उठलेले वळ. बँडमधलेही अंतर ठेवून उभे होते. आमच्यासाठी कुणी वाजवतंय हे पचवणंच जड जात होतं. टाळ्या वाजवाव्यात का नाही कळेना. हातमोज्यांनी टाळीचा आवाजही नीट येत नव्हता. मग आमच्या सिस्टर इन्चार्जने हात जोडले आणि धून संपेपर्यंत तसेच ठेवले. आम्ही सगळ्यांनी तेच केलं. ड्रम मेजरने जाताना आम्हाला सॅल्यूट केला.

रानजाई
शुश्रूषाताई, हात जोडणं हा पर्याय मला सुचलाच नव्हता. फार सुंदर.

बेळगावची_पोर
मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, बेळगावला, भावाच्या कसम परेडला (प्रशिक्षण संपल्यावर जवान शपथ घेतात त्या संचलनाला) गेले होते. ‘मर्द आम्ही मराठे खरे’ वाजलं तेव्हा गावाकडून आलेल्या आयाबाया रडत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि आमच्या पुढच्या रांगेत फेटा बांधलेले एक आजोबा टाचा जुळवून, मुठी पाटलोणीच्या शिवणीला लावून ताठ उभे होते. परेड संपेपर्यंत बसले नाहीत. नातवाने पाण्याची बाटली पुढे केली तर नुसतं मान हलवून नको म्हणाले. जुने हवालदार असणार. एका मैदानावर इतक्या तऱ्हा, आणि सगळ्या खऱ्या.

माणदेशी
सगळं वाचलं. एक अवघड गोष्ट लिहितो. आमच्या गावातला जवान शहीद झाला तेव्हा अख्खा तालुका लोटला होता. सलामी झाली, शस्त्रं उलटी धरली आणि बिगुलवर ‘लास्ट पोस्ट’ ही अखेरच्या निरोपाची धून सुरू झाली. त्याच वेळी पोरांनी ‘वीर जवान, अमर रहे’च्या घोषणा सुरू केल्या. बिगुल कुणालाच ऐकू गेला नाही. त्याच्या वडिलांनी दोनदा हात वर केला, थांबा म्हणून. पोरांना वाटलं ते घोषणेला साथ देतायत, आवाज आणखी वाढला. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या पोरांचं प्रेम खोटं नव्हतं. पण बिगुल त्या माणसासाठी एकदाच वाजतो.

खडकीकर
माणदेशी, यापुढे मी माझा भजनाचा मुद्दा रेटणार नाही. बिगुलला संपूर्ण शांतता हवी, त्यात दुमत नाही. बँडच्या धूनबाबत मात्र अजूनही म्हणतो, गाणाऱ्याला गाऊ द्या. गेटवेवरच्या त्या बाईंना कुणी ‘श्शू’ केलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

सुभेदार_सांगली
माणदेशी, काही गावांत आता सरपंच किंवा माजी सैनिक संघटनेचे लोक आधीच माइकवर सांगतात: बिगुल होईपर्यंत शांत राहा, घोषणा नंतर. लोक ऐकतात. आपली माणसं अडाणी नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मी स्वतः आमच्या भागात हे काम करतो. बिगुलच्या आधी दोन वाक्यं बोलायची, बस्स.

आणि गाण्याबद्दल खडकीकर बरोबर आहेत. लोक हलक्या आवाजात गायला लागले की क्लॅरिनेटवाल्याला आधार वाटतो. ठेका आणि गाणं यांत फरक आहे.

जिज्ञासू_मी
मूळ प्रश्नाला धरून: या गाण्याला उभं राहायचं असतं का? आमच्या कॉलेजात बसलेल्यांना दटावून उठवलं होतं.

गोदाकाठ
नाही. राष्ट्रगीत सुरू झालं की सावधान उभं राहायचं, पूर्ण गीत साधारण ५२ सेकंदांचं. ‘ऐ मेरे वतन’साठी असा नियम नाही. कुणी मनाने उभं राहिलं तर राहू द्यावं, बसलेल्याला दटावू नये.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत कायम आहे, ठेका नको. पण गाणं आणि हात जोडणं या दोन्ही गोष्टी मी आता त्यात धरते. गेटवेच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना पत्र लिहायचं ठरवलं आहे: या धूनच्या आधी निवेदकाने मराठी आणि हिंदीत एक वाक्य सांगावं. सुभेदारकाका, मसुदा तुम्हाला निरोपातून पाठवते, बघाल का?

सुभेदार_सांगली
जरूर पाठवा ताई. वाक्य छोटं ठेवा, निवेदकाला श्वास एकदाच घ्यावा लागेल असं.

जिज्ञासू_मी
विजय चौकातला कार्यक्रम आईला दाखवायचा आहे. तिकीट कसं मिळतं?

थेम्सकाठी
मलाही हवंय, जानेवारीत भारतात येतेय.

सुभेदार_सांगली
संरक्षण मंत्रालयाचं ‘आमंत्रण’ संकेतस्थळ आहे, जानेवारीत तिथे विक्री सुरू होते. गेल्या काही वर्षांत २९ तारखेचं तिकीट शंभर रुपये आणि २८च्या रंगीत तालमीचं वीस रुपये होतं. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. २९ची तिकिटं लगेच संपतात. आईंना बसायला त्रास होणार असेल तर २८ची तालीम बघा, वादन तेच असतं आणि गर्दी कमी. दोन्हीकडे तपासणीला वेळ लागतो, दुपारीच पोचा. कानटोपी आणि जाड शाल विसरू नका.